हजेरीपट एकच, धर्म अनेक

सर्वधर्मसमभावावर भाषण करायला दहा मिनिटं पुरतात. पण सांगलीजवळच्या कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या सुपरवायझरपुढचे प्रश्न वेगळे असतात. शुक्रवारी दुपारच्या पाळीवर कुणाला लावायचं? आषाढीला पंढरपूरला निघालेल्याच्या जागी मशीनवर कोण उभं राहणार? पर्युषणात दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या जैन कामगाराला किती वाजता सोडायचं? तिथे भाषण कामाला येत नाही, वेळापत्रक लागतं. गल्लीतल्या तरुण मंडळाचंही तसंच. वर्गणी कुणाकडे मागायची, कमानीवर काय रंगवायचं, मिरवणूक मशिदीपुढे आली की ढोल कुठे थांबवायचा, हे आधी ठरलेलं असेल तर सण सुखरूप पार पडतो. नसेल तर ते रस्त्यावर ठरतं.

सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडचे तालुके आणि विलीन झालेली संस्थानं मिळून १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. या दोन्ही जिल्ह्यांत वारकरी आहेत, लिंगायत आहेत, बौद्ध वस्त्या आहेत, कृष्णा-वारणाकाठची जैन घराणी आहेत. मिरजेत मीरासाहेबांचा दर्गा आहे, आणि अमेरिकन मिशनऱ्यांनी १८९४ मध्ये सुरू केलेलं रुग्णालयही आहे. वेगळ्या धर्माचा शेजारी असणं ही इथे नवलाची गोष्ट कधीच नव्हती. त्याला सारखं वागवायचं कसं, याची घडी मात्र माणसांना बसवावी लागली. ती घडी कशी बसते, हे वसतिगृह, शाळा, कारखाना आणि मंडळ अशा क्रमाने पाहू.

सुरुवात स्वयंपाकघरातून

कर्मवीर भाऊराव पाटील १८८७ मध्ये कुंभोजला जन्मले. घराणं ऐतवडे बुद्रुकचं, धर्माने जैन. कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकत असताना ते अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या पायाभरणीला गेले. परत आल्यावर शुद्धीची आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावं लागलं. वसतिगृहातला भेदभाव म्हणजे काय, हे त्यांना असं स्वतःच्या अनुभवातून कळलं होतं.

पुढे त्यांनी किर्लोस्करांचे नांगर गावोगाव विकले, साताऱ्याचे पारशी उद्योजक धनजीशा कूपर यांच्याबरोबर काम केलं. पण मन वसतिगृहातच होतं. १९१० च्या आसपास दुधगावला वेगवेगळ्या जातिधर्मांच्या मुलांनी एकत्र राहण्याचा प्रयोग झाला. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं आणि २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव देण्यात आलं. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी मुलं तिथे एका छपराखाली राहत.

त्या काळी जातवार बोर्डिंगं पुष्कळ होती. मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं, लिंगायतांचं वेगळं. गरीब मुलांची सोय त्यांनी केलीच, पण त्यांतली मुलं एकमेकांपासून दूरच राहिली. भाऊरावांनी तीन गोष्टींची गाठ घातली. प्रवेश गरज पाहून द्यायचा. कामं मुलांनीच वाटून घ्यायची, कारण ‘कमवा आणि शिका’ हे या संस्थेचं मूळ तत्त्व. आणि जेवण एकाच चुलीवरचं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड होती. भेद जातीचा असो की धर्माचा, तो पाळण्याची पहिली जागा पंगत असते. कोण रांधतं, कोण वाढतं, पाण्याच्या हंड्याला कोण हात लावतं, यावर माणसाची पायरी ठरते. चूल एक झाली की ती पायरीच राहत नाही.

याची किंमतही घरातूनच दिली गेली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या. त्यांनी या सगळ्या मुलांचं आईच्या मायेने केलं. धान्य संपलं तेव्हा त्यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं.

आजच्या शिबिराला यातून काय घेता येतं? राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली. तिचं सात दिवसांचं निवासी शिबिर सातारा-सांगलीतली महाविद्यालयं कुठल्या ना कुठल्या गावी भरवतात. तिथे गट मैत्रीवर सोडले की ते वस्तीवार आणि धर्मवार पडतात. हजेरी क्रमांकाने पाडले की मिसळतात. स्वयंपाकाची पाळी सगळ्यांना लावायची. ‘तू राहू दे’ हे वरवर प्रेमळ वाक्य कुणालाही ऐकवायचं नाही, कारण नको असलेला हात चुलीपासून दूर ठेवण्याची ती सभ्य पद्धत आहे. ज्याला कांदा-लसूण चालत नाही, ज्याला हलालच हवं, ज्याचा उपास आहे, त्याची सोय आधी विचारून ठेवायची. ताटातला पदार्थ वेगळा असू शकतो. पंगत वेगळी बसवायची नाही.

प्रार्थनेला हात जोडायचे की नाही

शाळेत आणि युवक संघटनेत दुसरा प्रश्न प्रार्थनेचा. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ ने तो दोन पायऱ्यांत सोडवला आहे. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षण किंवा उपासना असेल, तर विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, त्याला त्यात बसवता येत नाही. म्हणजे अनुदानित शाळेत पूजा असू शकते, तिची सक्ती असू शकत नाही.

सक्ती नाही म्हणजे नेमकं काय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये केरळच्या एका खटल्यात स्पष्ट केलं. बिजो इमॅन्युएल आणि त्याच्या बहिणी ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाच्या. राष्ट्रगीत सुरू असताना ही मुलं आदराने उभी राहत, पण गात नसत. शाळेने त्यांना काढून टाकलं. न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. मुलं शिस्तीत उभी होती, कुणाला अडवत नव्हती आणि त्यांचा विश्वास प्रामाणिक होता, एवढं पुरेसं ठरलं. वर्गशिक्षकाला किंवा शिबिरप्रमुखाला यातून सरळ कसोटी मिळते. मूल शिस्त मोडतं आहे की फक्त सहभागी होत नाही, हे आधी पाहावं. पहिल्याबद्दल बोलता येतं, दुसऱ्याबद्दल शिक्षा करता येत नाही.

भारत स्काउट्स आणि गाइड्सनी हाच प्रश्न आणखी साधेपणाने सोडवला आहे. त्यांच्या वचनात ‘ईश्वर’ हा शब्द आहे आणि ज्याला हवं त्याला त्या जागी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा आहे. जैन किंवा बौद्ध मुलाला वचन घेताना अडखळावं लागत नाही. एका शब्दाचा पर्याय आधीच ठेवल्यामुळे पुढचे किती वाद टळले असतील!

कामाच्या जागी कायदा कुठवर पोचतो

सरकारी नोकरीत उत्तर स्पष्ट आहे. अनुच्छेद १६ प्रमाणे धर्माच्या कारणावरून कुणालाही नोकरीत डावलता येत नाही. जिल्हा परिषद, एसटी महामंडळ, सरकारी रुग्णालय या सगळ्यांना हे बंधनकारक आहे.

खाजगी कारखान्याला मात्र हा अनुच्छेद थेट लागू होत नाही. अमेरिकेत १९६४ चा नागरी हक्क कायदा किंवा ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा खाजगी मालकालाही धर्मावरून भेद करू देत नाही. तसा एकच सर्वसमावेशक कायदा भारतात खाजगी नोकरीसाठी नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९५८ चा भेदभावविरोधी करार भारताने १९६० मध्ये मान्य केला आणि त्यात धर्माचा स्पष्ट उल्लेख आहे. पण मिरजेच्या फाउंड्रीत मुलाखतीला गेलेल्या मुलाला आडनाव ऐकून परत पाठवलं, तर त्याला लगेच दाखवता येईल असं कलम सापडणं कठीण. ही उणीव खरी आहे आणि ती मान्य करूनच पुढे जावं लागतं.

कामावर लागल्यानंतर परिस्थिती जरा बरी होते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथाविरोधी कायद्याने, गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं ही अनुचित प्रथा ठरवली. केंद्राच्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेच्या यादीतही ती आहे. त्यात ‘धर्म’ हा शब्द नाही, पण ओव्हरटाइम नेहमी ठरावीक माणसांनाच आणि रात्रपाळी नेहमी उरलेल्यांनाच मिळत असेल, तर हजेरीपटच पुरावा होतो. म्हणून पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावलेला असणं महत्त्वाचं. तोंडी लावलेल्या पाळीचा पुरावा उरत नाही.

सुट्ट्यांबाबत तर कायद्यानेच बोलणी करायला जागा ठेवली आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. त्यातल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार वर्ष सुरू होण्याआधी मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. ठरावीक संख्येपेक्षा जास्त माणसं असलेल्या दुकानांना, कार्यालयांना हे लागू आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी मालक गेल्या वर्षीची यादी पुन्हा टाइप करतो आणि त्यावर सह्या होतात. त्याऐवजी डिसेंबरात बसून विचारलं, तर चारपैकी दोन सुट्ट्या सगळ्यांसाठी सारख्या आणि दोन ज्याच्या त्याच्या पसंतीच्या, असं सहज ठरवता येतं. एकाला रमजान ईद, दुसऱ्याला महावीर जयंती, तिसऱ्याला नाताळ, चौथ्याला १४ एप्रिल. दुकानही बंद ठेवावं लागत नाही, कारण सगळे एकाच दिवशी जात नाहीत.

शुक्रवारच्या नमाजाला दुपारच्या जेवणाची सुट्टी थोडी मागेपुढे केली की बहुतेक वेळा भागतं. रमजानमध्ये पाळी लवकर सुरू करून लवकर संपवणं शक्य असेल तर तसं करावं. भट्टीवर ते शक्य नसेल तर तसं सांगावं, पण मशीनचं कारण सांगायचं तर ते खरं असावं. नियमाची पारख एकाच प्रश्नाने होते. रोजासाठी नाकारलेली सवलत चातुर्मासातल्या उपासाला देतो का? आणि उलट? दोन्हीकडे उत्तर सारखं असेल तर नियम चोख आहे.

खंडेनवमीला मशीनची पूजा होते, ती व्हावी. तिची वर्गणी पगारातून परस्पर कापायची नाही आणि टिळा न लावणाऱ्याकडे रोखून बघायचं नाही. ख्रिस्ती किंवा मुसलमान फिटरने हार घातला तर आनंद आहे, नाही घातला तरी त्याचं मशीन त्याचंच.

राहता राहिली चेष्टा. धर्मावरून टोपणनाव पाडणं, डब्यात डोकावून शेरे मारणं, सामना झाला की एखाद्याला ‘तुमची टीम हरली’ म्हणणं. जाणूनबुजून धार्मिक भावना दुखावण्याबद्दल भारतीय न्याय संहितेत कलम २९९ आणि ३०२ आहेत. पण रोजच्या टोमण्यांना फौजदारी कलम क्वचितच लागतं, ते सुपरवायझरने तिथल्या तिथे थांबवायचं असतं. त्याने नाही थांबवलं तर तारीख, वेळ, नेमके शब्द आणि तिथे हजर असलेल्यांची नावं लिहून व्यवस्थापनाला अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पुढच्या पायऱ्या म्हणजे युनियन, सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आणि राज्य अल्पसंख्याक आयोग. पोच नसलेला अर्ज पुढे कुठेच पोचत नाही.

मालकाच्या खुर्चीतून हे सगळं लाड वाटू शकतं. तेव्हा विटा-खानापूर-आटपाडीकडच्या गलाई व्यावसायिकांची आठवण करावी. सोनं-चांदी शुद्ध करण्याच्या कामासाठी ही माणसं देशाच्या कानाकोपऱ्यांत जाऊन राहिली आहेत. परमुलखात आपल्या सणाला दुकान बंद ठेवताना शेजाऱ्यांनी जसं समजून घ्यावं असं त्यांना वाटतं, तेवढीच समज आपल्या गावातल्या थोड्यांना हवी असते.

चंद्र आणि अधिक महिना

मंडळाकडे वळण्याआधी तारखांचं पाहू. सणांचे दिवस कधी एकमेकांवर येतात, हे पंचांगाकडे पाहून आधीच सांगता येतं. हिजरी वर्ष शुद्ध चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं. त्यामुळे मुस्लिम सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. आपलं पंचांगही चंद्रावर चालतं, पण साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून ते ऋतूंशी जुळवून घेतलं जातं. म्हणून गणपती ऑगस्ट-सप्टेंबर सोडत नाही. मुस्लिम सण मात्र सुमारे ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतात. फिरता फिरता मोहरम, ईद-ए-मिलाद, बकरी ईद यांपैकी काही ना काही गणेशोत्सवाला गाठतं. २०१८ आणि २०१९ मध्ये मोहरम गाठीला आला.

२०२३ मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली. राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम समाजाने आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं आणि सरकारने ईदची सुट्टी २९ तारखेला नेली. २०२४ आणि २०२५ मध्येही हे दोन दिवस लागोपाठ आले. यातला समजूतदारपणा मोठा आहे. पण मंडळाच्या बैठकीत एक प्रश्न विचारायला हरकत नाही: दरवेळी तारीख कोण पुढे ढकलतं? माघार घेण्याचा मान आळीपाळीने दोघांच्या वाट्याला आला, तरच तिला समजूत म्हणता येईल.

मंडळ: पावती, कमान, मार्ग

वाळवा तालुक्यातलं गोटखिंडी हे गाव याबाबत वाचण्याजोगं आहे. तिथलं न्यू गणेश तरुण मंडळ १९८० पासून गणपतीची मूर्ती मशिदीत बसवतं. पावसाने मूर्ती भिजू नये म्हणून गावकऱ्यांनी ती मशिदीत नेली आणि पुढे तोच रिवाज झाला. उत्सवाच्या तयारीत दोन्ही समाज असतात. बकरी ईद गणेशोत्सवात आली तेव्हा मुस्लिमांनी नमाज अदा केली, कुर्बानी केली नाही. कडेगावच्या मोहरमचं रूप याच्या उलट बाजूचं. तिथल्या शंभर फुटांहून उंच ताबुतांत हिंदू घराण्यांचेही ताबूत आहेत आणि भेटींच्या सोहळ्याला सगळी पंचक्रोशी लोटते. मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसात पहिल्या गलेफाचा मान चर्मकार समाजाचा.

ही तिन्ही उदाहरणं टिकली ती एकाच कारणाने: कुणाचा मान काय, कुणाचं काम काय, हे ठरलेलं आहे. नव्या मंडळाला एवढी जुनी रीत कुठून मिळणार? त्याने ती कागदावर करावी. मंडळ दोन प्रकारचं असतं. पूजेपुरतं असेल तर पूजेचे नियम भाविकांनी ठरवावेत, ते रास्त आहे. पण कबड्डी, व्यायामशाळा, वाचनालय, रक्तदान हेही मंडळच चालवत असेल, तर त्याचं सभासदत्व गल्लीतल्या प्रत्येक पोराला खुलं असावं. व्यायामशाळेत यायला आरतीची अट नको.

वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते, तिच्याबरोबर हिशेबही येतो. जबरदस्तीने घेतलेली वर्गणी हा गुन्हा आहे. ज्याच्याकडून वर्गणी घेतली त्याला हिशेब दाखवायचा, मग तो कोणत्याही देवाला मानणारा असो. देखाव्याचं आणि कमानीचं चित्र रंगवायच्या आधी समितीत दाखवावं. मिरवणुकीचा मार्ग, प्रार्थनास्थळापुढचं वाद्य थांबवण्याचं ठिकाण आणि स्वयंसेवकांची नावं पोलिस ठाण्यातल्या शांतता समितीपुढे ठेवावीत.

बिघडतं तेव्हा

सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत अफझलखानाच्या वधाचं चित्र असलेल्या स्वागत कमानीवरून तणाव भडकला. दगडफेक झाली, विसर्जन थांबलं, संचारबंदी लागली आणि लोण सांगली-कोल्हापूरकडे पसरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमावाने मशिदीवर आणि दुकानांवर हल्ला केला आणि एका तरुणाचा जीव गेला. पहिल्या वेळी ठिणगी कमानीची होती, दुसऱ्या वेळी मोबाइलची. दोन्ही वेळी तरुण पोरंच रस्त्यावर होती, आणि पोलिसांच्या नोंदीत नाव चढलेल्या पोराची नोकरी अडते, हे त्यांना आधी कुणी समजावलेलं नसतं.

तंटा गावातच मिटावा म्हणून याच मातीतले तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेने नेमलेली समिती बसवून भांडण मिटवायचं, ही तिची रीत. ती समिती आजही अनेक गावांत कागदावर आहे. तिच्यात दोन्ही धर्मांचे तरुण आणि बायका घेतल्या आणि तिची बैठक सणाआधी झाली, तर तिचा उपयोग होतो. दंगलीनंतरच्या बैठकीत फक्त हार-तुरे होतात. आक्षेपार्ह पोस्ट दिसली तर ती पुढे न पाठवता स्क्रीनशॉट घेऊन थेट पोलिस पाटलाला किंवा ठाण्याला द्यायची, एवढा एक नियम प्रत्येक मंडळाने आपल्या ग्रुपवर लावला तरी बरंच निभावेल.

तुम्ही सुपरवायझर असाल, शिबिरप्रमुख असाल किंवा मंडळाचे अध्यक्ष असाल, तर येत्या सणाआधी एक कागद घ्या. त्यावर सुट्ट्यांची यादी, कामाच्या पाळ्या, जेवणाची सोय, वर्गणीचा हिशेब कुणाकडे आणि तक्रार ऐकणारा माणूस कोण, एवढं लिहा. ते लिहिताना ज्यांची संख्या सगळ्यात कमी आहे त्यांना शेजारी बसवा, आणि त्यांची सही झाल्याशिवाय तो कागद भिंतीवर लावू नका.